प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एकेश्वरवादी होते का? इस्लामी दृष्टीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सॉक्रेटिसने एका ईश्वराचा पुरस्कार केला म्हणून त्याला विष दिले’, ‘अरस्तू (म्हणजे अॅरिस्टॉटल) तौहीद (अल्लाहचे एकत्व) मानत होता’, ‘पायथागोरस पैगंबरांचा शिष्य होता’ अशी वाक्ये अधूनमधून फिरत असतात. काही जण ती अभिमानाने सांगतात. काही जण उलट टोक गाठून सगळ्याच ग्रीकांना नास्तिक ठरवतात. दोन्ही बाजूंना आपापल्या जुन्या ग्रंथांचा आधारही सापडतो, म्हणून थोडे खोलात जाऊन ही उत्तरे लिहिली आहेत.

एका वाक्यात सांगा: होते की नव्हते?

सगळ्याच्या मुळाशी एकच आदितत्त्व आहे, या निष्कर्षापर्यंत त्यांच्यातले काही मोठे विचारवंत पोहोचले होते. पण इस्लाम ज्याला तौहीद म्हणतो, तिथपर्यंत पोहोचल्याचे त्यांच्या स्वतःच्या उपलब्ध लेखनातून दिसत नाही.

एकच आदिकारण मानले की तौहीद झालीच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. मक्केचे मुश्रिकसुद्धा (अल्लाहच्या जोडीला इतरांची भक्ती करणारे) आकाश आणि पृथ्वी अल्लाहनेच निर्माण केली असे मानत होते. कुरआन हे स्वतः सांगते: त्यांना विचारलेत की आकाश आणि पृथ्वी कोणी निर्माण केली, तर ते ‘अल्लाहने’ असेच म्हणतील (३९:३८). तरीही कुरआनने त्यांना मुश्रिकच म्हटले, कारण हाक मारताना, नवस बोलताना, कुर्बानी करताना ते ‘लात’, ‘उज्जा’ आणि ‘मनात’ या देवींकडे वळत. ‘हे आम्हाला अल्लाहच्या जवळ नेतात, म्हणून आम्ही त्यांची भक्ती करतो,’ हे त्यांचे समर्थन त्याच सूरहच्या (अध्यायाच्या) तिसऱ्या आयतीत आहे.

उलमांनी (धर्मपंडितांनी) पुढे या दोन गोष्टींना दोन नावे दिली. निर्माता आणि पालनकर्ता एकच आहे हे मान्य करणे म्हणजे तौहीद-ए-रुबूबियत. फक्त त्याचीच उपासना करणे म्हणजे तौहीद-ए-उलूहियत. पहिली गोष्ट बुद्धीने सुचू शकते. पैगंबर मात्र दुसरीसाठी लोकांशी भांडले. त्यामुळे एखादा तत्त्वज्ञ एकेश्वरवादी होता का, हे पाहताना त्याने विश्वाचे मूळ एक मानले का, एवढे विचारून भागत नाही. तो प्रार्थना कोणाची करत होता, हेही पाहावे लागते.

सर्वांत आधी कोणी एका देवाची भाषा केली?

हाती असलेल्या तुकड्यांवरून झेनोफेनिसचे नाव घेतले जाते. हा इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकातला कवी. बैलांना आणि घोड्यांना हात असते, तर त्यांनी आपल्यासारखेच देव रंगवले असते, ही त्याची टिंगल प्रसिद्ध आहे. त्याचा ‘एक देव’ रूपाने किंवा विचाराने माणसासारखा नाही आणि नुसत्या मनोबलाने सगळे हलवतो. हे वाचताना मुसलमान वाचक नक्कीच थबकतो. पण तीच ओळ नीट वाचली तर हा देव ‘देवांमध्ये आणि माणसांमध्ये सर्वांत थोर’ आहे. म्हणजे बाकीचे देव गेले कुठेच नाहीत!

अरस्तूचा ‘अचल चालक’ म्हणजे अल्लाहच नाही का?

अ‍ॅरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याच्या ‘मेटाफिजिक्स’च्या बाराव्या भागात हा विचार येतो. प्रत्येक हालचालीला हलवणारा कोणी लागतो. ही साखळी कुठेतरी थांबली पाहिजे. म्हणून स्वतः न हलता सगळ्याला हलवणारे एक नित्य तत्त्व असले पाहिजे. त्या भागाचा शेवट त्याने होमरच्या ओळीने केला आहे: अनेकांचे राज्य बरे नाही, राजा एकच असावा. इथवर वाचून पुस्तक मिटले, तर अरस्तू एकेश्वरवादी वाटणारच.

पण त्याच भागाच्या आठव्या प्रकरणात तो ग्रहगोलांचा हिशोब मांडतो. प्रत्येक गोलाला आपापला अचल चालक हवा, म्हणून त्यांची संख्या ५५ येते. काही गती वगळल्या तर ४७. शिवाय हे आकाशस्थ पदार्थ देव आहेत असे पूर्वजांनी सांगितले, ते बरोबरच होते, असा शेराही तो मारतो.

पहिल्या चालकाचे स्वरूप पाहिले की फरक आणखी ठळक होतो. तो जग निर्माण करत नाही, कारण अरस्तूच्या मते जगाला सुरुवातच नाही. तो जगाला हलवतो तेही एखादी प्रिय वस्तू आपल्याकडे ओढते तसे. त्याचे चिंतन फक्त स्वतःविषयी आहे. तो कोणाची दुआ ऐकत नाही, पैगंबर पाठवत नाही, हिशोब घेत नाही. ‘मला हाक मारा, मी प्रतिसाद देईन’ (४०:६०) म्हणणारा रब आणि हा चालक यांच्यात ‘एक’ हा आकडा सोडला, तर फारसे साम्य उरत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अरस्तूचे मृत्युपत्र तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजेनिस लेअर्शियसने जपून ठेवले आहे. त्याचा आप्त निकॅनॉर सुखरूप परतला तर नवस फेडण्यासाठी स्टॅगिरा या आपल्या गावी झ्यूस आणि अथेना यांचे चार हात उंचीचे दगडी पुतळे उभारावेत, अशी सूचना त्यात आहे. उपासनेची कसोटी लावायची ठरली, तर हा पुरावा जड आहे.

प्लेटो तर निर्माता मानत होता ना?

प्लेटोचे (रोजच्या बोलण्यातला ‘अफलातून’ तो हाच) प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे, आणि माझ्या मते इस्लामी विचाराच्या तो अरस्तूपेक्षा जवळ आहे. ‘टिमियस’ या संवादात तो एका सुजाण कारागिराचे वर्णन करतो. हा कारागीर चांगला आहे, त्याच्यात मत्सर नाही, म्हणून त्याने जग शक्य तितके सुंदर घडवले. पण घडवले ते आधीपासून असलेल्या अव्यवस्थित द्रव्यातून, आणि समोर ठेवलेल्या नित्य आदर्शांकडे बघून. अल्लाहने ‘कुन’ (‘हो’) म्हणताच होणारी निर्मिती ही नव्हे. पुढे तर हा कारागीर त्याने निर्माण केलेल्या देवांना उद्देशून भाषण करतो आणि मर्त्य जीव घडवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवतो.

‘लॉज’ या त्याच्या उतारवयातल्या ग्रंथाचा दहावा भाग मात्र जरूर वाचावा. देव नाहीतच, देवांना माणसांची पर्वा नाही, देवांना नैवेद्य देऊन वश करता येते, या तिन्ही समजुतींचा त्याने तिथे समाचार घेतला आहे. तिसरा मुद्दा तर कोणत्याही चांगल्या खुत्ब्यात (मशिदीतल्या प्रवचनात) शोभेल. फक्त तो बोलतो ते ‘देवांविषयी’, अनेकवचनात.

सॉक्रेटिसला मूर्तिपूजेच्या विरोधामुळे मारले, हे खरे आहे का?

हा समज मुसलमानांमध्ये हजार वर्षांपासून आहे, त्यामुळे आजच्या कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. अल-बिरूनींसारखा काटेकोर माणूसही हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात (सुमारे १०३०) लिहितो की, सॉक्रेटिसने मूर्तिपूजेला विरोध केला, ताऱ्यांना देव म्हणायचे नाकारले, तेव्हा अथेन्सच्या बारा न्यायाधीशांपैकी अकरांनी त्याला मृत्युदंड दिला. चौदाव्या शतकातले धर्मपंडित इब्न अल-कय्यिम यांनीही सॉक्रेटिस आणि प्लेटो यांची गणना मूर्तिपूजा नाकारणाऱ्यांत केली आहे.

ग्रीक साधनांतले चित्र वेगळे आहे. इ. स. पू. ३९९ मधला तो खटला बारा न्यायाधीशांपुढे नव्हे, तर सुमारे ५०० नागरिकांच्या ज्यूरीपुढे चालला. आरोप असे होते: शहराचे देव मानत नाही, नव्या दैवी गोष्टी आणतो, तरुणांना बिघडवतो. सॉक्रेटिसने बचावात काय म्हटले? ‘होय, मी तुमचे देव नाकारतो’ असे नाही. इतरांप्रमाणे मी सूर्य-चंद्रांना देव मानत नाही की काय, तुम्हाला मी अ‍ॅनॅक्सागोरस वाटलो का (त्या तत्त्वज्ञाने सूर्याला दगड म्हटले होते), असा त्याचा उलट सवाल होता. त्याचा शिष्य झेनोफन लिहितो की सॉक्रेटिस घरी आणि शहराच्या वेद्यांवर बळी देताना लोकांना दिसत असे. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये तो रात्रभर उभा राहून विचार करतो आणि पहाटे सूर्याची प्रार्थना करून निघून जातो. ‘फीडो’मधले त्याचे अखेरचे शब्द म्हणजे मित्र क्रिटोला केलेली आठवण: अ‍ॅस्क्लेपियस देवाला आपण एक कोंबडा देणे लागतो, तो द्यायला विसरू नकोस.

हजरत इब्राहीम (अ., म्हणजे ‘अलैहिस्सलाम’, पैगंबरांच्या नावापुढचे आदरवचन) यांनी मावळणाऱ्या सूर्याकडे पाहून ‘तुम्ही अल्लाहच्या जोडीला ठेवता त्यांच्याशी माझा संबंध नाही’ असे जे म्हटले (६:७८), ते सॉक्रेटिसने म्हटल्याचे कुठे आढळत नाही. तो सत्यासाठी मेला, यात शंका नाही. देवांच्या भांडणांच्या, व्यभिचाराच्या कथा त्याला पटत नव्हत्या, हेही खरे. पण या दोन गोष्टींवरून त्याला मुवह्हिद (तौहीद मानणारा) म्हणणे म्हणजे आपल्याला हवे ते त्याच्या तोंडी घालणे.

मग अरबी ग्रंथांत हे लोक इतके एकेश्वरवादी का दिसतात?

माझ्या दृष्टीने खरा रंजक प्रश्न हाच आहे.

अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथ अरबीत आले. बरेच अनुवादक ख्रिस्ती होते. त्यांच्यात सर्वांत नामांकित हुनैन इब्न इसहाक (मृत्यू ८७३). ग्रंथ मूर्तिपूजकांचे, अनुवादक ख्रिस्ती, वाचक बहुतांशी मुसलमान. अशा वेळी ‘देव’ या शब्दाचे काय करायचे? पुष्कळदा त्याचे फरिश्ते (देवदूत) झाले. हिप्पोक्रॅटिसची वैद्यकीय शपथ मुळात अपोलो, अ‍ॅस्क्लेपियस, हायजिया, पॅनेशिया आणि सर्व देव-देवींच्या नावाने घेतली जाते. इब्न अबी उसैबिआ यांनी तेराव्या शतकात दिलेल्या अरबी पाठात ती जीवन-मृत्यूचा स्वामी असलेल्या अल्लाहच्या नावाने सुरू होते, अ‍ॅस्क्लेपियस तेवढा टिकून राहतो आणि देव-देवींच्या जागी अल्लाहचे स्त्री-पुरुष वली (संत) येतात. यात कोणाचा डाव नव्हता. वाचकाला पचेल असे लिहिण्याची ती पद्धत होती. पण दोनशे वर्षांनंतरच्या वाचकाला मूळ ग्रीक वाक्य कुठे दिसणार?

याहून मोठा गोंधळ एका पुस्तकाने केला. खलिफा मोतसिम (कारकीर्द ८३३–८४२) यांच्या काळात इब्न नाइमा अल-हिम्सी यांनी एक ग्रंथ अरबीत आणला आणि तत्त्वज्ञ अल-किंदी यांनी तो खलिफांचा मुलगा अहमद याच्यासाठी सुधारून दिला. नाव होते ‘उसूलूजिया’, म्हणजे अरस्तूचे ईश्वरशास्त्र. प्रत्यक्षात तो अरस्तूचा नव्हताच. तिसऱ्या शतकातल्या प्लोटायनसच्या ‘एनिअड्स’मधल्या चौथ्या ते सहाव्या भागांतल्या मजकुराचे ते स्वैर रूपांतर होते. प्लोटायनस ‘एका’विषयी बोलतो: सर्वांच्या पलीकडचे, अवर्णनीय, ज्यातून सारे अस्तित्व ओसंडून येते. अरबी रूपांतरात हा ‘एक’ चक्क निर्माता झाला. आता अरस्तूच्या नावावर असा ग्रंथ हाती आल्यावर कोणता प्रामाणिक मुसलमान विद्वान त्याला मुश्रिक म्हणेल? प्लेटो आणि अरस्तू यांच्या मतांचा मेळ घालणाऱ्या, तत्त्वज्ञ अल-फाराबींच्या नावावर असलेल्या ग्रंथात अरस्तू जगाला अनादी मानत नव्हता हे दाखवायला याच पुस्तकाचा आधार घेतला आहे. तत्त्वज्ञ इब्न सीनांना शंका आली होती, तसे त्यांनी एका पत्रात सूचितही केले; पण मूळ लेखक कोण, याचा छडा १९व्या शतकात लागला.

इब्न अल-नदीम यांच्या ‘अल-फिहरिस्त’ या ग्रंथसूचीत (९८७) एक गोष्ट आहे. खलिफा मामून यांच्या स्वप्नात गोरा, रुंद कपाळाचा अरस्तू येतो. चांगले म्हणजे काय, असे मामून विचारतात, तो उत्तरे देतो. एका पाठात शेवटी तो खलिफांना बजावतो: तौहीद धरून राहा. झ्यूसच्या पुतळ्याचा नवस बोललेला माणूस बगदादच्या स्वप्नात तौहीदची ताकीद देतो! स्वप्न पडले असो वा नसो, त्या काळच्या बगदादला अरस्तू कसा हवा होता, हे त्यातून कळते.

पायथागोरस हजरत सुलेमान (अ.) यांच्या अनुयायांकडे शिकला होता का?

ही माहिती नीशापूरचे अल-आमिरी (मृत्यू ९९२) यांच्या लेखनातून पसरली. त्यांच्या म्हणण्यानुसार एम्पेडोक्लीज हजरत दाऊद (अ.) यांच्या काळात शाममध्ये (सीरियात) कुरआनात आलेले ज्ञानी पुरुष लुकमान हकीम यांच्याकडे शिकला आणि पायथागोरसने मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) सुलेमान (अ.) यांच्या साथीदारांकडून ज्ञान घेतले. पुढे सॉक्रेटिस, प्लेटो, अरस्तू अशी परंपरा जोडली की सगळे तत्त्वज्ञान नबुव्वतच्या (पैगंबरीच्या) दिव्यातूनच उजळले, असे सांगता येते.

कल्पना देखणी आहे, पण काळ जुळत नाही. दाऊद-सुलेमान (अ.) यांचा काळ साधारण इ. स. पू. दहावे शतक, पायथागोरस सहाव्या शतकातला, एम्पेडोक्लीज पाचव्या. मध्ये चारशे-पाचशे वर्षांची दरी आहे. आजच्या व्याख्यानांत ही कथा पुरावा म्हणून वापरू नये, असे मला वाटते.

इमाम गझालींनी या सगळ्यांना काफिर ठरवले ना?

अर्धे खरे. ‘अल-मुन्किझ मिन अल-दलाल’मध्ये त्यांनी तत्त्वज्ञांचे तीन गट केले: निर्माताच नाकारणारे दहरी, निसर्गाच्या अभ्यासातून निर्माता मानणारे पण परलोक नाकारणारे तबीई, आणि ईश्वराचा विचार करणारे इलाही. सॉक्रेटिस, प्लेटो आणि अरस्तू तिसऱ्या गटात येतात. अरस्तूने आधीच्यांचे खंडन केले तरी कुफ्रचे (सत्य नाकारण्याचे) काही अवशेष त्याच्यातही राहिले, म्हणून या मंडळींना आणि त्यांच्या वाटेने जाणाऱ्या इब्न सीना-फाराबींना काफिर म्हणणे भाग आहे, असा त्यांचा निर्णय आहे.

‘तहाफुत अल-फलासिफा’ (‘तत्त्वज्ञांच्या विसंगती’, १०९५) मध्ये त्यांनी वीस प्रश्न घेतले. त्यांपैकी तीनच कुफ्रचे ठरवले: जग अनादी मानणे, अल्लाहला केवळ सामान्य गोष्टींचे ज्ञान आहे आणि एकेका घटनेचे नाही असे म्हणणे, आणि शरीरासह पुनरुत्थान नाकारणे. उरलेल्या सतरा मुद्द्यांवर त्यांनी कुफ्रचा शिक्का मारला नाही. गंमत म्हणजे त्याच ग्रंथाच्या प्रारंभी ते असेही सांगतात की जुने मोठे तत्त्वज्ञ अल्लाह आणि त्याचे पैगंबर नाकारणारे नव्हते. गडबड तपशिलात झाली. त्यांचा राग होता तो सॉक्रेटिस, हिप्पोक्रॅटिस, प्लेटो, अरस्तू अशी भारदस्त नावे ऐकून नमाज-रोजे सोडणाऱ्या स्वतःच्या काळातल्या लोकांवर.

पुढे तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी ‘तहाफुत अल-तहाफुत’ लिहून उत्तर दिले.

इब्न तैमियांचे मत काय?

सर्वांत कडक आणि, सॉक्रेटिस-प्लेटोबाबतची सवलत सोडली तर, ग्रीक पुराव्याशी बरेच जुळणारे. अरस्तू आणि त्याचे लोक तारे आणि मूर्ती पुजणारे मुश्रिक होते, असे धर्मपंडित इब्न तैमिया (१२६३–१३२८) स्पष्ट म्हणतात. त्याच्या आधीचे काही तत्त्वज्ञ मात्र पैगंबरांच्या भूमीच्या संपर्कात आल्यामुळे जगाला सुरुवात आहे असे मानत, असेही ते सांगतात.

सिकंदर म्हणजे जुल्करनैन, आणि अरस्तू त्याचा गुरू, मग?

मग काहीच नाही. सूरह कहफमधले (१८:८३–९८) जुल्करनैन हे अल्लाहवर ईमान असलेले राजे आहेत. मॅसिडोनियाचा अलेक्झांडर स्वतःला झ्यूस-अमॉनचा पुत्र म्हणवून घेत असे. काही मुफस्सिरांनी (कुरआनच्या भाष्यकारांनी) दोघांना एक मानले; इब्न तैमियांनी हा गोंधळ मुद्दाम निस्तरला आहे.

ग्रीसमध्ये पैगंबर आलेच नसतील का? सॉक्रेटिस नबी असू शकतो का?

प्रत्येक समुदायात पैगंबर पाठवला, असे कुरआन सांगते (१६:३६). काहींची हकीकत सांगितली, काहींची सांगितली नाही, असेही सांगते (४०:७८). त्यामुळे ग्रीकांकडेही कोणी आले असणार, असे मानायला हरकत नाही. पण नाव ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. कुरआनात नावाने पंचवीस नबी येतात. त्यांच्याबाहेरच्या एखाद्या विशिष्ट माणसाला नबी (पैगंबर) म्हणायला वहीचा (ईश्वरी संदेशाचा) पुरावा लागतो, तर्क चालत नाही. ‘सॉक्रेटिस (अ.)’ असे लिहू नये.

त्यांचे आखिरतमध्ये (परलोकात) काय होईल?

‘पैगंबर पाठवल्याशिवाय आम्ही शिक्षा करत नाही’ (१७:१५). ज्यांच्यापर्यंत संदेश पोहोचला नाही, त्यांना उलमा अहल अल-फत्रा म्हणतात आणि त्यांचा मामला अल्लाहवर सोडतात. अरस्तूचे विचार तौहीदच्या कसोटीवर उतरत नाहीत, एवढे म्हणता येते. अरस्तू जहन्नममध्ये आहे, हे म्हणणे वेगळे, आणि ते आपले काम नाही.

भारतीय दर्शनांबद्दल मुसलमान विद्वानांनी असाच विचार केला का?

केला, आणि तोही ग्रीकांशी तुलना करून. अल-बिरूनींनी पतंजलीचे योगसूत्र अरबीत नेले. हिंदूंमधले जाणकार ईश्वराला एक, अनादि-अनंत मानतात, मूर्ती सामान्य लोकांसाठी असतात, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले आणि जुन्या ग्रीकांतही हीच फूट होती, असे दाखवले. लोकांच्या प्रश्नात ग्रीक तत्त्वज्ञही चालीरीतींच्या चौकटीबाहेर गेले नाहीत, हा त्यांचा शेरा मला फार नेमका वाटतो. ज्ञानदेव-तुकोबांच्या अभंगांतला ‘एक’ ऐकत वाढलेल्या मराठी मुसलमानाला हा प्रश्न घराजवळचा आहे. त्याला वेगळे पानच हवे.

मग त्यांचे ग्रंथ वाचावेत की नाही?

वाचावेत, शक्य तर आधी प्लेटोचे संवाद. सत्य कुठूनही येवो, दूरच्या आणि परक्या लोकांकडून का होईना, ते घ्यायला लाजू नये, असे अल-किंदींनी नवव्या शतकातच लिहून ठेवले. आणि ज्या गझालींचे नाव पुढे करून हे ग्रंथ मिटायला सांगतात, त्यांनीच बजावले आहे की ग्रहणाचे गणित नाकारून धर्माची बाजू घेतल्याचा आव आणणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो. उसूल-ए-फिकहवरचा (इस्लामी कायद्याच्या मूलतत्त्वांवरचा) त्यांचा ‘अल-मुस्तस्फा’ तर सुरूच होतो तर्कशास्त्रावरच्या दीर्घ प्रस्तावनेने, आणि ते तर्कशास्त्र अरस्तूचे आहे.